खाडीचं पाणी गोडं करून सॅमन वसवायचा असेल तर: आखणीपासून दाराच्या वेळापत्रकापर्यंत

खाडीच्या तोंडावर बंधारा घातला, नदीचं पाणी आत साठलं, खारं पाणी निघून गेलं आणि सॅमन आला, इतकं सरळ चित्र डोक्यात असेल तर ते आधी बाजूला ठेवा. सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात पोसला जातो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. खाडी त्याला लागते ती या दोन पाण्यांमधला उतार म्हणून. पिल्लं तिथे थांबतात, खातात आणि शरीर खाऱ्या पाण्याला सरावेपर्यंत दम खातात. तो उतारच बंधाऱ्याखाली गाडला, तर आत कितीही स्वच्छ तळं झालं तरी सॅमनच्या दृष्टीने ती बंद गल्ली. त्यामुळे असा प्रकल्प हातात आला, किंवा नुसतं त्याच्या बैठकीत बसून चार प्रश्न विचारायची वेळ आली, तर पैसा आणि डोकं दोन्ही या सांध्यावर खर्च करा. पाणी गोडं करणं हे त्यामानाने सोपं काम आहे.

उदाहरण म्हणून सिएटलची सॅमन बे ही खाडी पुन्हापुन्हा येईल, कारण शंभर वर्षांपूर्वी तिथे नेमकं हेच झालं. जुलै १९१६ मध्ये तिथल्या बॅलार्डच्या लॉकची (जहाजं एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्हीकडे दारं असलेल्या कुंडाची) दारं मिटली आणि भरती-ओहोटीच्या या खाडीचा आतला भाग गोड्या पाण्याचा झाला. हेतू जहाजांचा होता, माशांचा नव्हता. त्याच वर्षी आतल्या लेक वॉशिंग्टनची पातळी जवळजवळ ९ फुटांनी उतरली आणि सरोवराचा जुना निचरा असलेली ब्लॅक नदी तिच्यातल्या सॅमनसकट संपली. सीडर नदी १९१२ मध्येच सरोवराकडे वळवली होती. तिथले लोक आजही त्या एका निर्णयाच्या दुरुस्त्या करत बसले आहेत, आणि या दुरुस्त्यांमधूनच आपल्याला शिकता येतं.

पायरी १: कोणता सॅमन, ते आधी ठरवा

‘सॅमन’ म्हणून एकच मासा धरून आराखडा काढला की तो फसतो. (आपल्याकडे बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जातो तो रावस. त्याचं कूळ वेगळं आणि जीवनक्रमही वेगळा, त्याला या चर्चेत धरू नका.) प्रशांत महासागरातल्या जातींपुरतं बोलायचं तर चम आणि पिंक यांची पिल्लं अंड्यातून निघाली की थोड्याच दिवसांत समुद्राकडे सुटतात. त्यांना आतल्या गोड्या तळ्याचा फारसा उपयोग नाही. कोहोचं पिल्लू साधारण वर्षभर ओढ्यात, पाणथळीत, बीव्हरच्या तळ्यांत राहतं. सॉकायला एक-दोन वर्षं सरोवर लागतं. चिनूकची बरीच पिल्लं मात्र खाडीच्या मचूळ पाण्यात आठवडेच्या आठवडे काढतात आणि तिथेच अंगाने भरतात.

थोडक्यात, खाडीचं तळं केल्याने सॉकायचा आणि काही अंशी कोहोचा फायदा होऊ शकतो, चिनूक आणि चम यांचा तोटा जवळजवळ नक्की. लेक वॉशिंग्टनमध्ये १९३० च्या दशकात बेकर नदीतून सॉकाय आणून सोडले आणि ते तिथे रुजले. प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटलला लागून असलेल्या समुद्राच्या फाट्यातला चिनूक मात्र १९९९ पासून संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली आहे. कोणाला वाढवायचं आणि त्यासाठी कोणाचं नुकसान सोसायचं, हे पहिल्याच कागदावर लिहून काढा. नंतर ते कोणी लिहू देत नाही.

पायरी २: वर्षभर नुसतं मोजा

भरती-ओहोटीची पातळी, उधाणाची (मोठ्या भरतीची) वेगळी आणि भांगाची (लहान भरतीची) वेगळी. नदीचा प्रवाह, विशेषतः उन्हाळ्याच्या शेवटी तो किती उरतो ते. तळाचा नकाशा, त्यातले सगळे खळगे धरून. क्षारता, तापमान आणि विरघळलेला प्राणवायू ही तिन्ही मापं वरपासून तळापर्यंत, दर अर्ध्या मीटरवर. नुसतं पृष्ठभागाचं पाणी तपासून दिलेला अहवाल परत पाठवा. खारं पाणी जड असतं, ते खाली पाचरीसारखं शिरतं. वर ओंजळीत घेतलेलं पाणी पिण्याजोगं लागेल आणि चार मीटर खाली समुद्र असेल.

यासोबत सध्या तिथे काय राहतं त्याची नोंद घ्या: ईलग्रास हे समुद्री गवत, शिंपले, खेकडे, लहान मासे, पाणपक्षी. नेदरलँड्समध्ये २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक पूर्ण झाला आणि झाउडरझे या उपसागराचं आयसेलमेर हे गोडं सरोवर झालं, तेव्हा तिथल्या हेरिंग आणि अँचोव्हीवर जगणाऱ्या मासेमारी गावांचा धंदाच बुडाला. हा तोटा आधी मोजला तर निदान भरपाईवर बोलणी होतात.

पायरी ३: पाण्याचा आणि मिठाचा हिशेब

हा हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो आणि तो स्वतः करावा, सल्लागारावर सोडू नये.

समजा, खाडी १०० हेक्टरची आहे, सरासरी खोली ४ मीटर. म्हणजे ४० लाख घनमीटर पाणी, क्षारता दर हजारी २८. नदी सेकंदाला ५ घनमीटर आणते, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार घनमीटर. खाडीभर पाणी एकदा बदलायला सव्वानऊ दिवस लागतात. आतलं पाणी पूर्ण ढवळलं जातं असं धरलं, तर प्रत्येक बदलाला मीठ सुमारे ३७ टक्क्यांवर येतं: २८ वरून १०, मग ३.८, मग १.४, मग ०.५. साधारण ३७ दिवसांत खाडी गोडी!

कागदावर. प्रत्यक्षात पाणी ढवळलं जात नाही, खळग्यातलं मीठ वर्षानुवर्षं हलत नाही. आणि दुसरा हिशेब आणखी महत्त्वाचा आहे. बंधाऱ्याच्या दारांच्या फटीतून सेकंदाला फक्त १०० लिटर खारं पाणी आत झिरपतंय असं धरा. नदी ५ घनमीटर देत असताना क्षारता दर हजारी ०.५५ वर स्थिरावेल. ऑगस्टमध्ये नदी २ घनमीटरवर आली की तीच गळती क्षारता १.३ वर नेते. बॅलार्डच्या आतल्या कालव्यात युनिव्हर्सिटी ब्रिजपाशी क्षारता दर हजारी १ च्या वर जाऊ द्यायची नाही असा राज्याचा नियम आहे, त्या मापाने तुमचा प्रकल्प उन्हाळ्यात नापास. तेव्हा नदीचा उन्हाळी प्रवाह आणि दाराची गळती, या दोन आकड्यांवर सगळा खेळ आहे.

नदी फार लहान असेल तर इथेच थांबा. दक्षिण कोरियात १९९४ मध्ये सिह्वा इथे १२.७ किलोमीटरची भिंत घालून गोडं सरोवर करायला घेतलं. आत येणारं पाणी थोडं आणि घाण, साठलेलं पाणी सडलं. शेवटी गोड्या पाण्याचा बेत सोडून समुद्र परत आत घेतला, आणि २०११ मध्ये त्याच भिंतीत २५४ मेगावॉटचं भरती-ओहोटीवर चालणारं वीजकेंद्र सुरू झालं. नुकसानीतून काहीतरी निघालं म्हणायचं, पण सॅमनच्या प्रकल्पाला अशी पळवाट नसते.

पायरी ४: तोंडावर काय बांधायचं

कोकणात खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरती चढली की समुद्रच झडप लावून टाकतो. गोव्यातल्या खाजनांचा (बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनींचा) ‘मानस’ हा दरवाजाही याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीसाठी बांधलेल्या हजारो झडपा याच जातीच्या, आणि सॅमनचं तिथलं मोठं दुखणंही हेच. वरच्या बिजागरीवर लटकणारं जड लोखंडी झाकण ओहोटीत जेमतेम वीतभर उघडतं, त्या फटीतून पाणी जोरात सुटतं आणि बोटभर लांबीच्या पिल्लाला त्या धारेविरुद्ध आत शिरता येत नाही. भरतीत तर दार बंदच, म्हणजे पिल्लं आत यायला निघतात नेमकी तेव्हा.

म्हणून झडप निवडताना दोन गोष्टी मागा. बिजागरी बाजूला असावी, म्हणजे थोड्या दाबाने दार रुंद उघडतं. आणि झडपेला तरंगता खटका असावा, म्हणजे भरती चढायला लागली तरी आतली पातळी ठरलेल्या खुणेपर्यंत येईस्तोवर दार उघडंच राहतं. यामुळे थोडं खारं पाणी आत येतं. येऊ द्या. दाराच्या आतल्या बाजूला काहीशे मीटरचा मचूळ पट्टा राखणं हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. जागा असेल तर एका सरळ बंधाऱ्याऐवजी लांब, वळणावळणाची वाहिनी करा, तिच्यात क्षारता पायरीपायरीने उतरते. आफ्स्लाउटडाइकला कोर्नवर्डरझांड इथे सुमारे ४ किलोमीटरची अशीच मत्स्यनदी खणायला घेतली गेली, आणि तीही मूळ बांध पुरा होऊन ऐंशीहून अधिक वर्षं उलटल्यावर. सुरुवातीलाच केली असती तर किती स्वस्त पडलं असतं, याचा विचार आराखड्याच्या वेळी करावा.

बॅलार्डला असा पट्टा नाही. तिथे एका बाजूला जवळजवळ समुद्र आणि दाराच्या पलीकडे गोडं पाणी. वर जाणारे मासे आतल्या कोमट पाण्यात शिरायचं की नाही या पेचात लॉकपाशी घुटमळत राहतात.

पायरी ५: तळाचं मीठ काढा

बंधारा झाला की पहिल्या पावसाळी पुरात शक्य तितकं पाणी सोडा, पण दारं वरून उघडू नका. वरून उघडलं की गोडं पाणी निघून जातं आणि खारं तळाशी आरामात बसतं. तळाजवळून काढणारा निचरा हवा. बॅलार्डला मोठ्या लॉकच्या आतल्या बाजूला तळात खोल खड्डा केलाय. जड खारं पाणी त्यात गोळा होतं आणि तिथून नळाने परत समुद्राच्या बाजूला जातं. जोडीला १९६० च्या दशकात बसवलेली एक आडवी होणारी आडभिंत आहे, खोल बुडीचं जहाज आलं की ती खाली पडते. एवढं करूनही उन्हाळ्यात मीठ कालव्यावरच्या लेक युनियन या सरोवराच्या तळापर्यंत पोचतं.

हे मीठ नुसतं खारट म्हणून वाईट नाही. त्याच्यावर गोड्या पाण्याचं झाकण बसतं, वारा खालपर्यंत ढवळू शकत नाही, तळाचा प्राणवायू संपतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. प्राणवायू संपला की जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. तळाचा नमुना वर काढल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर समजा की झाकण घट्ट बसलंय. बंधारा घालण्याआधी मोठे खळगे भरून घ्या, किंवा तोंडाच्या दिशेने चर खणून त्यांना उतार द्या.

पायरी ६: वर जाणाऱ्या माशांची वाट

सिएटल परिसरातल्या मराठी मंडळींनी बॅलार्डची मत्स्यशिडी (मासे वर चढावेत म्हणून पायऱ्यांसारखी बांधलेली कुंडांची वाट) जरूर बघावी, प्रवेश मोफत आहे. काचेतून जुलैच्या सुमारास सॉकाय, ऑगस्ट-सप्टेंबरात चिनूक आणि त्यानंतर कोहो दिसतात. ही शिडी १९७६ ची, २१ पायऱ्यांची. आधीच्या शिडीकडे मासे फारसे वळत नसत. कारण सगळ्या शिड्यांना लागू पडणारं: माशाला शिडी दिसत नाही, त्याला प्रवाह कळतो. पायथ्याशी पाण्याची धार पुरेशी जोरकस नसेल तर मासा स्पिलवेच्या (जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याच्या) मोठ्या प्रवाहापुढे डोकं आपटत बसतो. म्हणून नव्या शिडीच्या तोंडाशी जास्तीचं पाणी सोडून बोलावणं धाडलं जातं.

प्रौढ सॅमनसाठी दोन कुंडांमधला चढ ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा, लहान मासेही चढायचे असतील तर १५. प्रत्येक कुंडात विसाव्याला शांत कोपरा हवा. तोंड ओहोटीच्या सगळ्यात खालच्या पातळीलाही पाण्यात राहिलं पाहिजे. प्युजेट साउंडमध्ये भरती-ओहोटीचा फरक साडेतीन मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे एकाच उंचीचं तोंड अर्धा दिवस हवेत लटकतं. वाट न ठेवता बांध घातला तर काय होतं ते आपल्या देशात गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याने दाखवलंय: १९७५ नंतर गंगेच्या वरच्या भागात हिलसा मासा जवळजवळ दिसेनासा झाला.

आणखी एक, अरुंद वाट म्हणजे शिकाऱ्यांची चंगळ. १९८० च्या दशकात बॅलार्डच्या शिडीपाशी समुद्रसिंहांनी ठाण मांडलं आणि हिवाळी स्टीलहेडचा (समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या ट्राउटचा) फडशा पाडला. फटाके झाले, पकडून दूर नेऊन सोडणं झालं, १९९६ मध्ये फायबरग्लासचा खोटा किलर व्हेलही पाण्यात उभा केला. समुद्रसिंह काही बधले नाहीत, स्टीलहेड मात्र संपत आले. वाटा दोन-तीन ठेवा, एकमेकींपासून लांब.

पायरी ७: खाली उतरणारी पिल्लं

याचा विचार बहुतेक आराखड्यांत शेवटच्या पानावर असतो, तो इथे हवा. वसंतात समुद्राकडे निघालेली पिल्लं, म्हणजे स्मोल्ट, पृष्ठभागाजवळून आणि प्रवाहाच्या ओढीने जातात. लॉक भरणाऱ्या भुयारी नळांत ती खेचली गेली तर आत चिकटून बसलेल्या बार्नॅकल या समुद्री जिवांच्या धारदार कवचांवर घासून त्यांचे खवले जातात, आणि खवले गेलेलं पिल्लू खाऱ्या पाण्यात तगत नाही. बॅलार्डला यावर तीन उपाय झाले: नळांमधले बार्नॅकल खरवडून काढणं, वसंतात मोठं लॉक सावकाश भरणं, आणि स्पिलवेच्या दारांवर पिल्लांसाठी घसरगुंड्या बसवणं. तिन्ही साधे. तुमच्या आराखड्यात ते पहिल्या दिवसापासून असावेत. घसरगुंडीखाली किमान मीटरभर खोल पाणी ठेवा आणि तिथे पक्ष्यांना बसायला खांब ठेवू नका.

पायरी ८: तापमान आणि रस्त्यावरचं पाणी

उथळ गोडं तळं उन्हाळ्यात तापतं. सॅमनच्या पिल्लांना १० ते १६ अंश सेल्सिअस मानवतं. २० च्या वर प्रौढांची चाल अडखळते, रोग बळावतात, २४-२५ ला फार वेळ तग धरता येत नाही. सिएटलच्या कालव्यात जुलै-ऑगस्टमध्ये २० अंश सहज ओलांडले जातात, आणि सीडर नदीपर्यंत पोचायच्या आत, अंडी न घालताच मरणाऱ्या सॉकायमागे हे एक कारण आहे. लेक वॉशिंग्टनमध्ये हौशी मासेमारांसाठी सॉकायचा शेवटचा हंगाम २००६ मध्ये उघडला होता.

तोडगा काठावरच्या सावलीने पूर्ण निघत नाही, रुंद पाण्यावर झाडाची सावली पडणार किती? थंड भूजल जिथे झिरपतं त्या जागा शोधून त्यांच्याजवळ खोल डोह ठेवा. प्राणवायू लिटरला ८ मिलिग्रॅमच्या वर ठेवायचा बेत करा.

शेजारी शहर असेल तर गटाराकडेही बघा. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घालतात त्या ६पीपीडी या रसायनापासून ओझोनच्या संपर्कात ६पीपीडी-क्विनोन तयार होतं, आणि तेच कोहोंना काही तासांत मारतं, हे २०२० च्या अखेरीस उघड झालं. पहिला पाऊस पडला की ओढ्यात चढलेले कोहो तडफडून मरत, त्याचं कोडं तिथे सुटलं. उपाय स्वस्त आहे: रस्त्याचं पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळूनच सोडायचं.

पायरी ९: वरचा ओढा

सॅमन तळ्याच्या चिखलात अंडी घालत नाही. सॉकाय काही ठिकाणी तळ्याच्या झऱ्याकाठच्या खडीत घालतो, बाकी सगळ्यांना वाहत्या ओढ्यातली, सुपारीपासून मुठीएवढी, गाळ न बसलेली गोटेखडी लागते. तेव्हा तळ्यावर शंभर खर्च करताना ओढ्यावर काही नसेल तर सगळं वाया. रस्त्याखालचे अरुंद नळ बदला, काठावर झाडं लावा, पडलेली मोठी लाकडं उचलू नका. आणि गाळाचं गणित करा, कारण बंधारा तो अडवतो. ऑलिम्पिया शहरात १९५१ मध्ये डेशूट्स नदीची खाडी अडवून केलेलं १०५ हेक्टरचं कॅपिटल लेक गाळाने उथळ होत गेलं, बाहेरून आलेल्या गोगलगायींमुळे २००९ मध्ये लोकांना बंद झालं, आणि २०२२ मध्ये राज्याने बांध काढून पुन्हा खाडी करायचा पर्याय निवडला.

पायरी १०: परवानग्या

अमेरिकेत खाडीत भराव किंवा बांध घालायला क्लीन वॉटर ॲक्टचं कलम ४०४ आणि १८९९ च्या रिव्हर्स अँड हार्बर्स ॲक्टचं कलम १० आडवं येतं, शिवाय संकटग्रस्त जातींचा कायदा. वॉशिंग्टन राज्यात मूळ रहिवासी जमातींचे करार त्याहून वजनदार. १९७४ च्या, न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा त्यांचा ठरला आणि त्या राज्याच्या बरोबरीने व्यवस्थापक झाल्या. आराखडा छापून झाल्यावर त्यांच्याकडे जाऊ नका, मोजणीच्या वर्षातच त्यांना टेबलाशी घ्या. स्पष्टच सांगायचं तर आज पूर्ण खाडी बंद करायची परवानगी मिळणं अवघड आहे, आणि ते बरंच आहे. मिळेल ती अर्धउघड्या दारांची.

पायरी ११: दारांचं वेळापत्रक

नेदरलँड्समध्ये ऱ्हाइनच्या मुखावरच्या हारिंगफ्लीट या खाडीचे १७ दरवाजे १९७० च्या सुमारास बंद झाले. नोव्हेंबर २०१८ पासून ते भरतीतही थोडे किलकिले ठेवले जातात, म्हणजे सॅमन आणि सी ट्राउट आत येऊ शकतात. नदीचा प्रवाह घटला की पुन्हा बंद. खारं पाणी ठरलेल्या रेषेच्या आत सरकू द्यायचं नाही ही अट, आणि त्यापलीकडचे गोड्या पाण्याचे उपसे आधीच आत हलवले.

तुमचंही वेळापत्रक असंच, मापकाच्या आकड्याला बांधलेलं असावं. तळाची क्षारता एका खुणेच्या वर गेली तर तळनिचरा उघडायचा. नदी अमुक घनमीटरच्या खाली आली तर भरतीची झडप अर्ध्यावर. मार्च ते जून घसरगुंड्या चालू, मग पाणी कितीही कमी असो. तापमान १९ च्या वर गेलं की शिडीचं पाणी खोलातून घ्यायचं. कोणत्या आकड्याला कोण निर्णय घेणार आणि रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, हेही त्यातच लिहा. दारांची रबरी पट्टी दर हिवाळ्यात पाणबुड्याकडून तपासून घेण्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत टाका, कारण तिसऱ्या पायरीतली ती शंभर लिटरची गळती तिथूनच सुरू होते.